जहाल, मवाळ आणि आपण

पातळी ५ : वाचनपाठ

पाठ आधी एकदा मनात वाचा, मग मोठ्याने वाचा. एखादा शब्द अडला तर लगेच थांबू नका, वाक्य पूर्ण करा. अर्थ बहुतेक वेळा पुढच्या ओळीत सापडतो. नाहीच सापडला, तर पाठाच्या शेवटी शब्दार्थ दिले आहेत.

वाचण्याआधी विचार करा

१. तुमच्या घरी राजकारणावरून वाद होतात का? सगळ्यात आधी कोणाचा आवाज चढतो?
२. एखाद्याचं म्हणणं न पटणं आणि तो माणूसच न आवडणं, यांत काय फरक आहे?

१. शब्द एक, अर्थ दोन

'मत' हा दोन अक्षरी शब्द बघा. त्याचा एक अर्थ 'आपल्याला जे वाटतं ते'. 'माझं मत वेगळं आहे' असं म्हणताना हा अर्थ असतो. दुसरा अर्थ 'निवडणुकीत आपण जे देतो ते'. त्यावरून मतदान, मतपेटी, बहुमत हे शब्द आले.

आता आमच्या अझैब्याचं उदाहरण घ्या. हा मस्कतचा विमानतळाजवळचा भाग. ओमानमध्ये राजकीय पक्ष नाहीत. 'मजलिस अश्-शूरा' या सभागृहासाठी ओमानी नागरिक मत देतात. २०२३ मध्ये तर त्यांनी ते मोबाईलच्या ॲपवरून दिलं. आपण पडलो परदेशी, म्हणजे आपल्याला इथे मत नाही. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांना भारतात मत देता येतं, पण त्यासाठी मतदानाच्या दिवशी तिथल्या केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं. थोडक्यात, अझैब्यात बसून आपल्यापैकी कोणीच मत देऊ शकत नाही. पण मतं? ती मात्र प्रत्येकाकडे आहेत! शुक्रवारी चार कुटुंबं जेवायला जमली की मुंबईपासून वॉशिंग्टनपर्यंतची सगळी सरकारं आमटी वाढेपर्यंत पडतात आणि ताक पिईपर्यंत पुन्हा उभी राहतात.

मतं वेगळी असली की होतो तो मतभेद. समोरच्याचं वाईट व्हावं असं वाटू लागलं की होतं ते वैर. हे दोन शब्द वेगळे आहेत, कारण त्या दोन गोष्टीही वेगळ्या आहेत. पण मतभेदाचं वैर कधी होतं? आणि ते होऊ नये म्हणून कोणी काय करायचं? हे समजून घ्यायला आपण शंभराहून जास्त वर्षं मागे, पुण्याला जाऊया.

२. दोन गणिताचे शिक्षक

लोकमान्य बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले ही दोन्ही नावं तुम्ही ऐकली असतील. दोघंही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. टिळकांचा जन्म १८५६ चा, गोखल्यांचा १८६६ चा. दहा वर्षांचं अंतर.

१८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी टिळकांना सोबत घेऊन पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. गोपाळ गणेश आगरकरही लवकरच तिथे आले. पुढे १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघालं. तरुण गोखलेही याच संस्थेत शिक्षक झाले. गंमत म्हणजे टिळक गणित शिकवायचे आणि गोखलेसुद्धा गणित शिकवायचे! एकाच संस्थेत, एकाच विषयाचे दोन शिक्षक.

मग मतभेद सुरू झाले. संस्थेच्या लोकांनी बाहेरची कामं घ्यावीत की नाही, यावरून वाद वाढला आणि १८९० मध्ये टिळकांनी संस्था सोडली. १८९१ मध्ये सरकारने मुलींच्या संमतीचं वय दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा केला. गोखले आणि आगरकर म्हणाले, हा कायदा हवाच. टिळक म्हणाले, आमच्या समाजात काय बदलायचं ते परक्या सरकारने ठरवू नये.

१८९५ मध्ये पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अधिवेशन संपल्यावर त्याच मांडवात न्यायमूर्ती रानडे यांची सामाजिक परिषद भरायची, अशी तेव्हा पद्धत होती. विरोधकांनी धमकी दिली, की तसं केलंत तर मांडव जाळू. शेवटी रानड्यांनी परिषद दुसऱ्या जागी घेतली. भांडण अजून शब्दांचंच होतं, पण आगीची भाषा सुरू झाली होती.

पुढे या दोन गटांना नावं पडली. अर्ज, सनदशीर मागण्या आणि कायदेमंडळातली भाषणं यांवर विश्वास ठेवणारे गोखल्यांच्या बाजूचे लोक म्हणजे मवाळ. स्वदेशी, बहिष्कार आणि लोकांची चळवळ हवी म्हणणारे टिळकांच्या बाजूचे लोक म्हणजे जहाल. देशाचा कारभार देशातल्या लोकांच्या हातात यावा, असं दोघांनाही वाटत होतं. वाद होता तो रस्त्याचा आणि वेगाचा.

ही नावं नीट बघा. 'मवाळ' म्हणजे खरं तर मऊ, सौम्य. पण ते टोमणा मारायला वापरलं की त्याचा अर्थ 'भित्रा' असा होतो. 'जहाल' हा शब्द आपण विषाबद्दलही वापरतो. माणसाला एकदा असं नाव चिकटलं, की त्याचं म्हणणं ऐकायची गरज उरत नाही. नावातच सगळं आलं!

३. सुरतेचा मांडव

१९०७ चं काँग्रेस अधिवेशन नागपूरला व्हायचं होतं. नागपुरात टिळकांच्या बाजूचा जोर होता, म्हणून मवाळांनी ते सुरतेला हलवलं. जहालांना अध्यक्ष म्हणून लाला लजपतराय हवे होते. मवाळांनी रासबिहारी घोष यांचं नाव पुढे केलं. २६ डिसेंबरला सुरेंद्रनाथ बॅनर्जी या नावाला पाठिंबा द्यायला उभे राहिले. इतका गोंधळ झाला, की त्या दिवसाचं काम बंद करावं लागलं.

२७ डिसेंबरला पुन्हा सभा भरली. मला बोलायचं आहे, अशी चिठ्ठी टिळकांनी स्वागताध्यक्षांना आधीच पाठवली होती. तिचं उत्तर आलं नाही. घोष निवडून आल्याचं जाहीर झालं, तेव्हा टिळक थेट व्यासपीठावर गेले आणि हाताची घडी घालून लोकांकडे तोंड करून उभे राहिले. 'बोलल्याशिवाय खाली उतरणार नाही' असा त्यांचा पवित्रा होता. समोर हजारो लोक ओरडत होते. व्यासपीठावरचे काही मवाळ तरुण टिळकांना ओढून खाली काढायला त्यांच्या अंगावर धावले.

इतक्यात गर्दीतून एक जोडा उडत आला. पुणेरी जोडा, लाल कातड्याचा, पुढे टोक वळलेला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागला आणि फिरोजशहा मेहतांवर आदळला. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या चालल्या. शेवटी पोलिसांनी मांडव रिकामा केला. मराठीत याला म्हणतात मुद्द्यावरून गुद्द्यावर येणं.

शाळेच्या पुस्तकात बहुतेक वेळा इथेच गोष्ट संपते : 'सुरतेला काँग्रेस फुटली.' पण त्या मांडवात हेन्री नेव्हिन्सन नावाचे एक इंग्रज पत्रकार हजर होते. त्यांनी पाहिलेली एक गोष्ट लिहून ठेवली आहे. लोक टिळकांच्या अंगावर धावले, तेव्हा त्यांच्या शेजारी एक माणूस दोन्ही हात पसरून त्यांना वाचवायला उभा राहिला. तो माणूस म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले.

क्षणभर थांबा आणि हे चित्र डोळ्यांपुढे आणा. टिळकांचं वागणं गोखल्यांना अजिबात पटलेलं नव्हतं. धावून येणारे लोक गोखल्यांच्याच बाजूचे होते. म्हणजे गोखल्यांनी हात पसरले ते विरोधकांना अडवायला नव्हे, तर आपल्याच माणसांना अडवायला.

४. अफवा, तुरुंग आणि टाळ्या

त्या पसरलेल्या हातांनी काँग्रेस वाचली नाही. ती फुटलीच. दोन्ही गटांनी सुरतेची आपापली हकीकत छापून प्रसिद्ध केली. एकच दिवस, एकच मांडव, पण दोन गोष्टी, आणि दोन्हींत चूक दुसऱ्याची. आज आपण एकाच बातमीचे दोन उलटे व्हिडिओ बघतो ना, तसंच.

१९०८ मध्ये 'केसरी'तल्या लेखांसाठी सरकारने टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा दिली. ते मंडालेच्या तुरुंगात गेले. तेव्हा अफवा पसरली, की ही शिक्षा गोखल्यांनीच करायला लावली! ती छापूनही आली. गोखल्यांना अब्रूनुकसानीचा खटला लावावा लागला. त्या काळी व्हॉट्सॲप नव्हतं, तरी 'फॉरवर्ड' होतंच.

जून १९१४ मध्ये टिळक सुटून आले. दोन्ही गटांना पुन्हा एकत्र आणायची बोलणी सुरू झाली, पण ती फिसकटली आणि दोघांमधला वाद पुन्हा पेटला. तो ताजा असतानाच १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले. वय फक्त ४८.

टिळक तेव्हा सिंहगडावर होते. बातमी कळताच ते पुण्यात आले आणि स्मशानात बोलायला उभे राहिले. टिळक बोलणार म्हटल्यावर जमलेल्यांपैकी काहींनी टाळ्या वाजवल्या. टिळकांनी त्यांना तिथल्या तिथे थांबवलं. ही वेळ टाळ्यांची नाही, डोळ्यांत पाणी येण्याची आहे, असं त्यांनी सांगितलं. गोखल्यांना त्यांनी हिऱ्याची उपमा दिली आणि देशासाठी गोखल्यांसारखं काम करा, असं लोकांना सांगितलं.

टिळकांचं मत त्या दिवशी बदललं का? नाही. दुसऱ्या दिवशीही ते जहालच होते. पण सुरतेला गोखल्यांनी जे केलं, तेच टिळकांनी स्मशानात केलं. समोर आपली गर्दी असताना तिला थांबवलं.

१९१६ मध्ये लखनौच्या अधिवेशनात दोन्ही गट एकत्र आले. तोपर्यंत नऊ वर्षं गेली होती आणि ते बघायला गोखले नव्हते.

५. तीच गोष्ट, अमेरिकेत

तुमच्यापैकी बरेच जण अमेरिकेत वाढत आहेत. तिथले डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन यांचं भांडण तुम्हाला शाळेत, बसमध्ये, फोनवर रोज दिसतं. ते आजचं नाही.

२२ मे १८५६ रोजी प्रेस्टन ब्रुक्स या खासदाराने सिनेटच्या सभागृहात चार्ल्स समनर यांना काठीने बेदम मारलं. समनर गुलामगिरीविरुद्ध बोलले होते. त्यांना सिनेटमध्ये परत यायला जवळजवळ तीन वर्षं लागली. पण खरी भीती वाटते ती पुढची गोष्ट वाचताना. ब्रुक्सच्या समर्थकांनी त्याला नव्या काठ्या भेट म्हणून पाठवल्या! आपल्या बाजूच्या माणसाला 'थांब' म्हणण्याऐवजी त्यांनी टाळ्या वाजवल्या. पाचच वर्षांत, १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. त्यामागचं मोठं कारण गुलामगिरीच होतं, काठी नव्हे. पण काठीला टाळ्या पडू लागल्या, की बोलणी संपत आली असं समजावं.

आता अलीकडचं बघा. २०१७ मध्ये रिपब्लिकन खासदार स्टीव्ह स्कॅलिस यांना बेसबॉलच्या मैदानावर गोळी लागली. ६ जानेवारी २०२१ रोजी निवडणुकीचा निकाल मान्य नसलेला जमाव वॉशिंग्टनमधल्या कॅपिटलमध्ये घुसला. जून २०२५ मध्ये मिनेसोटातल्या डेमोक्रॅट नेत्या मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती यांचा त्यांच्या घरात खून झाला. जखमी झालेले, मेलेले लोक दोन्ही पक्षांचे आहेत.

पण अमेरिकेतही कोणी हात पसरले आहेत. १० ऑक्टोबर २००८ ची सभा. रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन बोलत होते. त्यांच्याच एका समर्थक बाई म्हणाल्या, की ओबामांवर माझा विश्वास नाही, ते अरब आहेत. मॅकेन यांनी माईक परत घेतला आणि सांगितलं, की नाही, ते एक सभ्य, कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत, माझे त्यांच्याशी फक्त मतभेद आहेत. त्याच सभेत ओबामांना घाबरायचं कारण नाही असं ते म्हणाले, तेव्हा त्यांच्याच लोकांनी हुर्यो केली. निवडणूक मॅकेन हरले. २०१८ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार त्यांच्या अंत्यविधीत बराक ओबामा बोलले.

मस्कतमध्ये वाढणाऱ्या मुलांना या गोष्टीत एक खडा लागेल, आणि तो लागायलाच हवा. 'अरब आहेत' याला 'नाही, सभ्य आहेत' हे उत्तर कसं? तुमचे शेजारी, शिक्षक, वर्गमित्र अरब आहेत आणि सभ्यही आहेत. मॅकेन यांनी आपल्या गर्दीला थांबवलं हे चांगलंच केलं. पण बाईंच्या वाक्यातली दुसरी चूक तशीच राहिली. चांगल्या कामातलीही उणीव दिसली पाहिजे. तो मतभेदच आहे, वैर नाही!

६. आपण काय करायचं?

विरोधकाला 'चूक' म्हणणं सोपं असतं. आपली बाजू त्याला टाळ्याच देते. अवघड असतं ते आपल्याच माणसाला 'हे बरोबर नाही' म्हणणं. गोखले, टिळक आणि मॅकेन यांच्या गोष्टींत हेच समान आहे.

तुमच्या घरच्या ग्रुपवरही हेच घडतं. दुसऱ्या पक्षाच्या माणसाने वाईट मेसेज टाकला की आपण लगेच उत्तर देतो. आपल्या बाजूच्याने तसाच मेसेज टाकला की आपण हसतो, किंवा गप्प बसतो. पुढच्या वेळी तिथे बोलून बघा.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. सौम्य बोलणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. खोटं असेल तर खोटं म्हणा. अन्याय असेल तर अन्याय म्हणा. आवाज न चढवताही ठामपणे बोलता येतं.

त्यासाठी मराठीतली ही वाक्यं पाठ करा :

- तुमचं म्हणणं कळलं, पण मला ते पटत नाही.
- काका, हे तुम्ही कुठे वाचलंत?
- मुद्द्यावर बोलूया, माणसावर नको.
- आजी, आपल्या बाजूचा असला तरी हा मेसेज बरा नाही.
- यावर आपलं एकमत होणार नाही. चला, चहा घेऊया.

मराठीत वाद हाताबाहेर चालला की तो क्रियापदातही दिसतो. आधी 'तुम्ही म्हणता' असतं, मग अचानक 'तू काय सांगतोस रे!' होतं. याला म्हणतात एकेरीवर येणं. घरात प्रेमाचं 'तू' वेगळं आणि भांडणातलं 'तू' वेगळं. कोणी एकेरीवर आलं, की समजा मतभेद आता वैराच्या वाटेला लागला.

शब्दार्थ

- अधिवेशन : संस्थेची किंवा पक्षाची मोठी सभा
- सनदशीर : कायद्याला धरून
- बहिष्कार : एखादी वस्तू किंवा व्यक्ती यांच्याशी संबंध न ठेवणे
- व्यासपीठ : भाषणासाठी केलेली उंच जागा
- हकीकत : घडलेली गोष्ट, वृत्तान्त
- अब्रूनुकसानी : एखाद्याच्या नावाला खोटेपणाने बट्टा लावणे
- फिसकटणे : जमत आलेली गोष्ट बिघडणे
- यादवी युद्ध : एकाच देशातल्या लोकांचे आपसातले युद्ध
- हुर्यो करणे : ओरडून नापसंती दाखवणे, खिल्ली उडवणे
- मजलिस : बैठक, सभा. हा अरबी शब्द मराठीत 'मजलस' म्हणून आला.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) टिळक आणि गोखले कोणता विषय शिकवत असत?
(आ) १९०७ चे अधिवेशन नागपूरहून कोठे हलवले?
(इ) टिळकांनी स्मशानात लोकांना काय करण्यापासून थांबवले?

प्र. २. जोड्या लावा.
१८५६ — लखनौ अधिवेशन
१८९५ — सिनेटमधील मारहाण
१९०७ — पुण्याचे अधिवेशन
१९१६ — सुरतेचा गोंधळ

प्र. ३. 'मत' हा शब्द असलेले पाच शब्द लिहा आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या अर्थाने आला आहे ते सांगा.

प्र. ४. वाक्यांत उपयोग करा.
मुद्द्यावरून गुद्द्यावर येणे, आवाज चढणे, एकेरीवर येणे, हात पसरणे

प्र. ५. खालील वाक्ये ठाम पण आदराने पुन्हा लिहा.
(अ) तुला काही कळत नाही.
(आ) तुमच्या पक्षाचे सगळे लोक चोर आहेत.
(इ) हा मेसेज मूर्ख माणसानेच लिहिला असणार.

प्र. ६. तुमचे मत लिहा (८ ते १० ओळी).
गोखल्यांनी हात पसरले, तरी काँग्रेस फुटलीच. मग त्यांच्या त्या कृतीचा काही उपयोग झाला का? तुमच्या उत्तराचे कारण द्या.

उपक्रम : घरातल्या अशा एका मोठ्या माणसाशी बोला, ज्यांचे राजकीय मत तुम्हाला पटत नाही. त्यांना ते मत का वाटते हे विचारा आणि मध्ये न बोलता पाच मिनिटे ऐका. मग त्यांचे म्हणणे तुमच्या शब्दांत लिहून त्यांनाच वाचून दाखवा. ते 'हो, मला असंच म्हणायचं होतं' असे म्हणेपर्यंत दुरुस्त करत राहा. तुमचे मत त्यानंतर सांगा.